साडेतीन स्टार, त्यातला एक सासूबाईंचा

आधी हिशोब. पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातला एक पूर्ण स्टार माझ्या सासूबाईंचा आहे, तो कसा ते पुढे येईलच.

ज्या गोष्टीबद्दल लिहितेय ती दुकानात मिळत नाही. अमेरिकेतली ख्रिस्ती कॉलेजं ज्या क्रीडा संघटनांत खेळतात, त्या संघटना सीझन चालू असताना दर आठवड्याला खेळाडूंची नावं जाहीर करतात. ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट ऑफ द वीक’, किंवा नुसतं ‘प्लेअर ऑफ द वीक’. रोख रक्कम नाही, कप नाही, फीमध्ये सवलत नाही. एक चौकोनी चित्र, चार ओळींची बातमी आणि इन्स्टाग्रामवरचे लाल बदाम. विकत घ्यायची वस्तू नसली तरी मुलगी कॉलेजच्या टीममध्ये गेली की आई आपोआप याची गिऱ्हाईक होते. मी चार सीझन होते. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने उघडायचा, फोन दुसऱ्या हाताने. यादी खालपर्यंत वाचायची, आपल्या कॉलेजचं नाव नसलं की डब्यात लक्ष घालायचं. असे चाळीसेक मंगळवार गेले. त्यातला एक आमचा निघाला.

मी मूळची नगरची, ख्रिस्त गल्लीतली. गेली वीस वर्षं उत्तर इंडियानात, वॉर्सॉ नावाच्या गावात. पोलंडच्या राजधानीचं नाव लावून बसलेलं हे छोटं गाव माणसांचे गुडघे आणि खुबे बनवतं. १८९५ साली इथे हाड मोडल्यावर लावायच्या फळ्यांचा पहिला कारखाना निघाला आणि मग गावाने दुसरा धंदाच शोधला नाही. मी अशाच एका ठिकाणी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर मायक्रोमीटर आणि गेज. एखादा भाग मापात बसला तर हिरवी चिठ्ठी, नाही बसला तर लाल. मधलं काही नाही. तेव्हा कोणी कोणाला ‘आठवड्यातला सर्वोत्तम’ म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो, मोजलं कोणी आणि कशाने?

आमची धाकटी लिबेरो. व्हॉलीबॉल न पाहणाऱ्यांसाठी सांगते: टीममध्ये सगळ्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा शर्ट घालून जी मुलगी मागच्या रांगेत गुडघ्यांवर लोळत असते ती लिबेरो. तिने ब्लॉक करायचा नाही, जाळीच्या वरून स्मॅश मारायचा नाही. समोरून आलेला तोफगोळा जमिनीला लागू न देणं एवढंच काम. आंतरराष्ट्रीय खेळात ही जागा १९९८ मध्ये आली, अमेरिकन कॉलेजांत २००२ मध्ये. म्हणजे १८९५ साली होलिओकच्या वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गनने हा खेळ काढला, त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं माझ्या मुलीसारख्या पाच फूट दोन इंचांच्या मुलीला त्यात बसायला जागाच नव्हती. (मॉर्गनने खेळाचं नाव ‘मिंटोनेट’ ठेवलं होतं. बरं झालं बदललं. आणि बास्केटबॉलही त्याच सुमारास, १८९१ मध्ये, शेजारच्या स्प्रिंगफिल्डला वायएमसीएच्याच प्रशिक्षण शाळेत नेस्मिथने काढला. ख्रिस्ती तरुणांना हिवाळ्यात कुठेतरी गुंतवून ठेवायचं होतं, त्यातून जगाला दोन खेळ मिळाले.)

तर धाकटीच्या कॉलेजची नाती दुहेरी होती. एक नातं एनसीसीएएशी, म्हणजे नॅशनल ख्रिश्चन कॉलेज अ‍ॅथलेटिक असोसिएशनशी. ही संघटना १९६८ची, कार्यालय साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला. तिचे दोन विभाग आहेत. पहिल्यात नर्सिंगपासून अकाउंटिंगपर्यंत सगळं शिकवणारी ख्रिस्ती कॉलेजं. दुसऱ्यात बायबल कॉलेजं, जिथे मुलं बहुतेक पाळक नाहीतर मिशनरी व्हायला येतात आणि खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. दुसरं नातं एनएआयएशी. ही छोट्या कॉलेजांची मोठी संघटना. तिच्यात ख्रिस्ती कॉलेजं पुष्कळ आहेत, पण ती फक्त ख्रिस्ती नाही. दोन नाती म्हणजे दोन याद्या. एकाच आठवड्यात एकीकडे नाव लागू शकतं आणि दुसरीकडे नाही, दोन्हीकडे लागू शकतं, किंवा आमच्यासारखं बहुतेक वेळा कुठेच नाही.

एनएआयएतल्या आमच्या लीगच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या, यादीला मी अर्धा स्टार जास्त देते, आणि त्याचं कारण एकच: व्हॉलीबॉलमध्ये तिथे तीन नावं निघतात. अ‍ॅटॅकर (फटका मारणारी), सेटर (तिला चेंडू वर उचलून देणारी), डिफेंडर. एकच ‘सर्वोत्तम’ निवडायचा असता तर धाकटीचा नंबर जन्मात लागला नसता. आकड्यांच्या तक्त्यात ‘किल’, म्हणजे थेट गुण मिळवणारा फटका, हा रकाना पहिला असतो आणि लिबेरोचे किल म्हणजे शून्याची रांग. वरचा माणूस रकाने डावीकडून उजवीकडे वाचणार, तिच्या रकान्यापर्यंत येईतो त्याचं नाव ठरलेलं असणार. तीन वेगळी खाती केली तेव्हा कुठे मागच्या रांगेतल्या मुलींचं दुकान उघडलं.

आता मोजणं कसं चालतं ते सांगते, कारण माझा खरा जीव तिथे अडकतो.

लिबेरोचं नाणं म्हणजे ‘डिग’. समोरच्याने हल्ला केलेला चेंडू तुम्ही खेळात ठेवलात तर एक डिग. चेंडू नुसता हलकेच पलीकडून आला असेल तर तो उचलल्याचा डिग नाही. सर्व्हिस घेतली तर तोही डिग नाही. आणि इथे मोठी गंमत आहे: सर्व्हिस घेताना चूक झाली तर ती तुमच्या नावावर लिहितात, पण चाळीस सर्व्हिस लोण्यासारख्या सेटरच्या हातात नेऊन दिल्यात तर त्याचं वेगळं श्रेय देणारा रकाना नाही. चूक नाही, एवढंच. आमच्या कारखान्यातही असंच असतं. चांगला भाग पुढे जातो आणि विसरला जातो, खराब भागाचा फोटो नोटीस बोर्डावर लागतो. त्यामुळे याबाबत मला तक्रार करता येत नाही, फक्त ओळखीचं हसू येतं.

तक्रार आहे ती मोजणाऱ्यांबद्दल. दुसऱ्या सीझनला आम्ही ओहायोत एका परक्या जिममध्ये मॅचला गेलो होतो. दाराशी आठ डॉलर, पॉपकॉर्नचे तीन. जागा मिळाली ती थेट आकडेवाल्यांच्या टेबलामागे. दोन कॉलेजची मुलं, तासाच्या पगारावर बसलेली. एक कोर्टाकडे बघून ओरडतो, दुसरा लॅपटॉपवर बडवतो. “पाच डिग, आठ सेट, बारा किल.” मंत्र म्हटल्यासारखं चालू असतं, ऐकायला मजा येते. आकडा म्हणजे शर्टावरचा नंबर; धाकटीचा पाच. तिसऱ्या सेटमध्ये तिने असा एक चेंडू काढला की माझ्या नवऱ्याचं पॉपकॉर्न सांडलं: पूर्ण आडवी झेप, तळहात जमिनीवर सपाट, चेंडू हाताच्या पाठीवरून उसळला. आणि ओरडणारा मुलगा नेमका तेव्हा पाण्याची बाटली तोंडाला लावून होता.

“कोणी काढला?” लॅपटॉपवाल्याने विचारलं.

“पंधरा असेल.”

पंधराच्या खात्यावर डिग. अख्ख्या टीममध्ये वेगळ्या रंगाचा शर्ट एकटीचा, तरी! मी खाकरले. दोनदा खाकरले. मागे वळून कोणी पाहिलं नाही. नवऱ्याने माझा दंड धरून ठेवला, म्हणाला, “बस खाली, हे काही तुझं वर्कशॉप नाही.” आमच्याकडे एकच भाग दोन माणसांनी मोजला आणि उत्तरं वेगळी आली तर आधी माणसं तपासतात, मग भाग. इथे पाहुण्या टीमचेही आकडे यजमान मोजतो, आणि त्याच आकड्यांवर मंगळवारची यादी उभी राहते. नंतर कोचने कळवलं तर दुरुस्ती होते म्हणे. पण पंधरा नंबरची मुलगी काही स्वतःहून सांगायला जाणार नव्हती, आणि मी तिच्या जागी असते तर मीही गेले नसते.

आकडे आले की पुढचा टप्पा फॉर्मचा. संघटनेचे लोक काही सगळ्या मॅच बघत बसत नाहीत. प्रत्येक कॉलेजमध्ये खेळांच्या बातम्या, आकडे, फोटो सांभाळणारा एक माणूस असतो, त्याला स्पोर्ट्स इन्फर्मेशन डायरेक्टर म्हणतात. मोठ्या विद्यापीठात त्याच्या हाताखाली फौज असते. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजात तो एकटा, आणि टीम अठरा. सोमवारी सकाळी त्याने आपल्या खेळाडूंचे फॉर्म भरून वर पाठवायचे. नाव, वर्ष, गाव, जागा, आकडे, दोन ओळी. त्याने पाठवलं तर तुम्ही स्पर्धेत. नाही पाठवलं तर तुम्ही त्या आठवड्यात खेळलाच नाहीत. ज्याच्या हाती फॉर्म तो पारधी.

तिसऱ्या सीझनचा ऑक्टोबर. एका आठवड्यात तीन मॅच, बारा सेट, ७९ डिग. एका पाच सेटच्या मॅचमध्ये एकटीचे ३४. सेटमागे साडेसहाच्या वर. मी रविवारी चर्चमध्ये उपदेश चालू असताना मनात भागाकार करत होते, देव क्षमा करो. (रविवारी ही कॉलेजं बहुधा खेळत नाहीत, त्यामुळे शनिवारी रात्री आठवड्याचं खातं बंद होतं. संडे स्कूलमध्ये आम्हाला एरिक लिडेलची गोष्ट सांगायचे: १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून तो धावलाच नाही आणि मग चारशे मीटरचं सुवर्ण घेऊन आला. तेव्हा ती गोष्ट फार पवित्र वाटायची. आता वाटतं, त्याच्या आईने तो रविवार कसा काढला असेल?) मंगळवारी यादी आली. डिफेंडरच्या जागी सेटमागे पाचच्या आसपास डिग असलेली एक मुलगी. आमच्या कॉलेजचं नावच नाही.

धाकटीने हूं की चूं केलं नाही. मीच तिच्या मागे लागले, तिने शेवटी कोचला विचारलं, आणि उत्तर आलं: फॉर्म राहून गेला. त्याच शनिवारी कॉलेजचं होमकमिंग, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, मुलांच्या सॉकर टीमने मोठी मॅच मारली होती, माजी विद्यार्थ्यांचे फोटो काढायचे होते. माणूस एक, हात दोन. कॉलेजचं नाव घेत नाही, माणसाचंही नाही. भला माणूस आहे, चौथ्या सीझनच्या शेवटच्या घरच्या मॅचला त्याने आम्हा आईबापांचा फोटो स्वतःहून काढून दिला. पण परीक्षण लिहितेय तर लिहायला हवं: या सेवेचा सगळ्यात कच्चा सांधा हा आहे. अर्धा स्टार इथे गेला आणि मी तो परत देणार नाही.

आता आमचा मंगळवार.

चौथा सीझन, सप्टेंबर. तीन मॅच, अकरा सेट, ५८ डिग. चांगले आकडे, पण ऑक्टोबरच्या पासंगालाही न पुरणारे. मी फोन उघडला तो सवयीने. यादीत धाकटीचं नाव, शेजारी ‘डिफेंडर ऑफ द वीक’. मी डबा पालथा केला. शेजारच्या बाकावरच्या बाईने विचारलं, काय झालं, कोणी गेलं का?

बातमी चारच ओळींची. सेटमागे ५.२७ डिग, दोन विजय सलग सेटमध्ये, एक पाचव्या सेटमध्ये. सगळं मापात. त्या पाच सेटच्या मॅचमध्ये जे घडलं ते मात्र तिथे नव्हतं, आणि ते मी अगदी समोरून पाहिलं होतं.

चौथा सेट, २३-२३. सेटमध्ये आम्ही २-१ ने पुढे. समोरच्या उंच पोरीने सणसणीत मारलेला चेंडू धाकटीच्या कोपराच्या वरून गेला आणि मागे रेषेबाहेर पडला. पंचांनी आउट दिला. आमचा गुण, २४-२३, मॅच एका गुणावर. आमचा सगळा बाक उभा. आणि धाकटीने हात वर केला. बोटाने स्वतःचा दंड दाखवला. पंच शिडीवरून खाली वाकले, तिने काहीतरी सांगितलं, त्यांनी हाताची खूण बदलली. गुण तिकडे. पुढचाही तिकडेच गेला, २५-२३. पाचवा सेट आम्ही कसाबसा १५-१२ घेतला म्हणून बरं, नाहीतर त्या रात्री गाडीत माझं तोंड बंद राहिलं नसतं. तसं ते राहिलंच नाही.

“अगं, पंचांना दिसलं नव्हतं. गप्प बसता आलं नसतं का?”

“मम्मी, बॉल लागला होता.”

एवढंच. मग तिने हेडफोन लावले. मी, जी एका मायक्रॉनसाठी अख्खा ट्रे परत पाठवते, ती मी तासभर काळोखात मक्याची शेतं बघत गाडी चालवत राहिले.

आकड्यांच्या भाषेत त्या प्रसंगाचा अर्थ असा: समोरच्या मुलीला एक किल. धाकटीला काही नाही. आता एनएआयए २००० सालापासून ‘चॅम्पियन्स ऑफ कॅरॅक्टर’ नावाचा उपक्रम चालवते. सचोटी, आदर, जबाबदारी, खिलाडूवृत्ती आणि सेवाभावी नेतृत्व अशी पाच मूल्यं. जिमच्या भिंतीवर त्याचं फलक असतं, मी कितीदा त्याखाली बसून सँडविच खाल्लंय. एनसीसीएए तर खेळाला सेवाकार्यच समजते. मॅच संपली की दोन्ही टीमच्या मुली मधोमध गोल करून खांद्यावर हात टाकून प्रार्थना करतात. हरलेल्याही, जिंकलेल्याही, घामाने थबथबलेल्या. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं आणि विसाव्यांदा पाहिलं तेव्हाही आलं. पण आठवड्याची यादी मात्र निव्वळ आकड्यांची. बातमीवरचा संघटनेचा शिक्का काढून टाकला तर ती सरकारी विद्यापीठाची आहे की बायबल कॉलेजची, मला ओळखता येणार नाही. कधी एखादा कोच दोन शब्दांत ‘देवाला गौरव’ म्हणतो, तेवढंच.

मी हा दोष म्हणून लिहायला बसले होते आणि लिहिता लिहिता मन बदललं. चारित्र्याचा रकाना काढला असता तर तो भरला कोणी असता? तोच एकटा माणूस, सोमवारी सकाळी, अठरा टीमच्या ढिगात. मग दर आठवड्याला कोणी किती वेळा हात वर केला याची स्पर्धा लागली असती, आणि माझ्यासारख्या आया टेबलामागून खाकरल्या असत्या. डिग निदान डिग असतो, पंधरा नंबरच्या नावावर गेला तरी. तेव्हा याचे मार्क कापत नाही.

इंडियानात राहणाऱ्याला एक जुनी गोष्ट कोणी ना कोणी सांगतंच, तीही इथे आठवते. एनएआयएची सुरुवात कॅन्सस सिटीतल्या १९३७ च्या बास्केटबॉल स्पर्धेतून झाली. त्या स्पर्धेत काळ्या खेळाडूंना बंदी होती. १९४७ मध्ये टेरे होटच्या इंडियाना स्टेटला आमंत्रण आलं. जॉन वुडन तेव्हा तिथे कोच होते. क्लॅरेन्स वॉकर या आपल्या खेळाडूला नेता येणार नाही म्हणून त्यांनी आमंत्रणच नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि वॉकर तिथे खेळला. धाकटीच्या टीममध्ये गव्हाळ रंगाची ती एकटीच. पहिल्या वर्षी माइकवरचा मुलगा तिचं आडनाव दर मॅचला नव्याने मोडायचा. आता कोणी कोणाला अडवत नाही, फक्त आडनाव अडखळतं. तेव्हा मी रागावले नाही, नगरच्या शाळेत आम्ही मिशनरी मॅडमच्या आडनावाचं काय केलं होतं ते मला चांगलं आठवतं.

आडनावावरूनच आता चित्राकडे येते. कॉलेजने संध्याकाळी जे चौकोनी चित्र काढलं ते खरोखर सुंदर. धाकटी हवेत आडवी, मागे शाळेचा गडद रंग, वर संघटनेचा शिक्का. पण आडनावातलं एक अक्षर गळलेलं. बातमीत बरोबर, चित्रात चूक. मी ते इन्स्पेक्टरच्या नजरेने आधी पाहिलं आणि आईच्या नजरेने नंतर, तोवर नवऱ्याने ते व्हॉट्सअ‍ॅपवर नगरला, पुण्याला, शिकागोच्या भावाला, सगळीकडे पाठवून दिलेलं. दोन दिवसांनी दुरुस्त चित्र आलं. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पैशांचं विचाराल तर: फी एका डॉलरनेही कमी झाली नाही. खेळाची शिष्यवृत्ती आधी ठरली होती तेवढीच राहिली. कॉलेज खेळाडूंना आपल्या नावाचे पैसे कमवायला परवानगी आहे, एनएआयएने ती ऑक्टोबर २०२० मध्ये दिली, एनसीएएने, म्हणजे बड्या विद्यापीठांच्या संघटनेने, जुलै २०२१ मध्ये. त्याची आमची एकूण मिळकत म्हणजे कॉलेजजवळच्या सँडविचवाल्याने महिनाभर फुकट दिलेली सँडविचेस. त्याच्या बदल्यात तिने दुकानासमोर एक फोटो काढला. तीन आठवड्यांनी एका फ्रेमवाल्याचं मेल आलं: अभिनंदन, आपल्या मुलीच्या गौरवाची अक्रोडी लाकडातली पाटी फक्त ९५ डॉलर, पाठवणावळ वेगळी. मी पुसून टाकलं. नवऱ्याने संध्याकाळी विचारलं, “केवढ्याला म्हणालीस?”

तुमची मुलगी किंवा मुलगा अशा कॉलेजात खेळायला जात असेल तर थोडं अनुभवाचं सांगते. ऑगस्टमध्ये खेळाडूंची यादी लागली की त्याच दिवशी नावाचं स्पेलिंग तपासा, कारण पुढचं सगळं तिथूनच उचललं जातं. उच्चार कसा करायचा ते लिहून द्यायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. मॅचनंतर आकड्यांचा तक्ता लागतो तो मुलीने स्वतः बघावा आणि काही चुकलं असेल तर त्याच रात्री कोचला सांगावं. तुम्ही सांगू नका. आईने थेट ऑफिसात मेल टाकला की पोरीला वर्षभर ऐकावं लागतं, हे मला तिने फार स्पष्ट शब्दांत समजावलंय. आणि मंगळवारी डबा आधी संपवून घ्या.

मग तरी साडेतीन कशाला, अडीचच का नाही?

सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांना व्हॉलीबॉल म्हणजे मिशन कंपाउंडात पोरं खेळायची ते, एवढंच ठाऊक. नात अमेरिकेत नेमकं काय करते हे चार वर्षं त्यांना कळलं नव्हतं. मॅचचं थेट प्रक्षेपण नगरच्या पहाटे साडेचारला, त्यातून त्यांचा फोन लहान, मुली मुंगीएवढ्या. डिग म्हणजे काय हे मी फोनवर तीनदा सांगितलं, त्या तिन्ही वेळा म्हणाल्या, “बरं, पण ती पडते का सारखी?” चित्र पोचलं तेव्हा मात्र एका नजरेत सगळं कळलं. नातीचा फोटो, इंग्रजीत नाव, वर शिक्का. रविवारी उपासनेनंतर त्यांनी पाळकसाहेबांना फोन हातात दिला, पाळकसाहेबांनी मंडळीला वाचून दाखवलं, आणि सासूबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. कोणी विचारलं, लग्न ठरलं का? म्हणाल्या, “नाही, आठवडा ठरला.”

बुधवारी त्यांचा फोन आला.

“सलाम गं. फोटो मोठा करून आणलाय स्टुडिओतून. काचेसकट.”

“आई, कुठला फोटो? त्यात आडनाव चुकलंय. मी दुसरा पाठवते, नीट केलेला.”

“कुठे चुकलंय?”

मी सांगितलं. पलीकडे शांतता. चष्मा शोधत असणार. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “खिळा ठोकला आता.”